सोमवारचं इंजिन

विस्मरणाच्या आजारात आर्डिसनं नवऱ्याला, क्लेटनला, नावानं हाक मारल्याला आठ महिने झाले होते. जुना आवाज कानी पडला तर तिला आपली ओळख पटेल, या एकाच आशेवर क्लेटननं कोठारातलं पेट्रोलवरचं वॉशिंग मशीन बाहेर काढलं. नेब्रास्काचा अख्खा हिवाळा तो त्याच्या गंजक्या इंजिनाशी झटत राहिला.

आज सोमवार, धुण्याचा वार. नवव्या किकेला इंजिन धडधडलं. आर्डिस एप्रनला हात पुसत लगबगीनं ओसरीवर आली आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

"ओळखलंस ना गं?" क्लेटननं इंजिनापाशी बसूनच विचारलं.

ती त्याच्या कानाशी वाकली.

"आमच्या क्लेटनला सांगू नका हं, तुम्ही दुरुस्त केलंत म्हणून. बिचारा हिवाळाभर खपतोय, माझ्यासाठी."