पट्टीखालचं नाव

फोन अडखळत वाचत होता. ‘बालविवाह’ या शब्दाचे त्याने चार तुकडे केले, वेलांटी एकीकडे, काना दुसरीकडे. पुढच्या ओळीला तर तो नुसते आकडेच म्हणू लागला.

धनलालने फोन कानापासून लांब धरला. “हे काय बोलून राहिलं, ओमे? एक शब्द समजून नाही राहिला.”

“पीडीएफ हाय ना, बाबा. त्यातली अक्षरं फोनले नीट सापडत नाहीत,” ओमेश्वरी म्हणाली. “आतला मजकूर वेगळा काढून द्यावा लागन. साधा. मग वाचते तो.”

“मग काढ. त्यासाठीच त आलो.”

तालुक्याच्या गोरेगावात एसटी स्टँडच्या मागे ओमेश्वरीचं टायपिंगचं दुकान होतं. काचबिंदूने धनलालची नजर गेली त्याला तीन वर्षं झाली होती, आणि फोनकडून वाचून घ्यायला तिनेच त्याला शिकवलं होतं. आज त्याचा मोठा भाऊ चंद्रकुमार त्याला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला होता. तो दारातच उभा होता.

कागद नऊ वर्षांपूर्वीचा, सरकारी ऑफिसात टाइप केलेला होता. ओमेश्वरी तेव्हा सोळा वर्षांची, दहावीत. चंद्रकुमारने देवरीकडचं स्थळ आणलं, घरात कोणी हूं की चूं केलं नाही. मांडव पडला, हळद लागली, आणि लग्नाच्या सकाळी पोलिसांची गाडी दारात आली. कोणीतरी लेखी तक्रार दिली होती. लग्न मोडलं. ओमेश्वरी शाळेत परत गेली.

तक्रार देणाऱ्याचं नाव सरकारने सांगितलं नाही. गावाने ते स्वतःच ठरवलं. शेजारचा कवडू. “पोरगी लहान हाय, शिकू द्या,” असं चारचौघांत बोलणारा तोच एकटा होता. त्याने किती शपथा घेतल्या, पण ऐकणार कोण? त्या दिवसापासून त्याच्या दारात कोणी गेलं नाही. धानाच्या रोवणीला त्याला बाहेरगावची माणसं आणावी लागत. त्याची माय वारली तेव्हा खांदे पाहुण्यांनीच दिले. आणि आता आठ दिवसांनी त्याच्या मुलीचं लग्न होतं.

अशा वेळी धनलालने जुनी तक्रार माहितीच्या अधिकारात मागवली होती. अर्ज ओमेश्वरीकडून नाही, दुसऱ्याकडून लिहून घेतला होता. ते तिला कालच कळलं.

“नाव भेटू दे फक्त,” चंद्रकुमार म्हणाला. “शिक्क्यानिशी कागद दाखवतो गावाले. त्याच्या मांडवात कुत्रं बी जानार नाही.”

ओमेश्वरीने फाइल उघडली. तक्रारदाराच्या रकान्यात जाड काळी पट्टी होती. तिने श्वास सोडला.

“नावावर पट्टी मारली हाय, मोठेबाबा. काही दिसत नाही.”

चंद्रकुमारने साहेबलोकांना एक शिवी घातली आणि चहाच्या टपरीकडे निघून गेला.

धनलाल मात्र हलला नाही. त्याचा चेहरा पडला होता. “म्हंजे फोन बी नाव वाचनार नाही?”

“पाहते,” ती म्हणाली.

तिने अख्खा मजकूर निवडला आणि कोऱ्या पानावर उतरवला. शिक्का गेला, रकाने गेले, रेघा गेल्या. काळी पट्टीही गेली. ऑफिसातल्या कोणीतरी ती अक्षरांच्या वर नुसती ठेवून दिली होती. खालची अक्षरं जशीच्या तशी होती.

ओमेश्वरीने नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग टपरीकडे पाहिलं. चंद्रकुमार पाठमोरा उभा होता.

आज ती या खुर्चीवर बसली होती ती त्या नावाच्या माणसामुळे. आणि हे नाव गावात गेलं, तर त्याला उरलेलं आयुष्य कोणी सुखाने जगू देणार नव्हतं.

तिने नाव पुसलं. त्या जागी ‘नाव दिलेले नाही’ असं टाइप केलं. मोडलेली अक्षरं एकेक करून जुळवली आणि मजकूर बापाच्या फोनवर टाकला.

“निघालं काय नाव?” धनलालने विचारलं.

“नाही, बाबा.”

मग हात पुढे करून त्याने फोन मागून घेतला. “संध्याकाळी घरी ये तू बी,” एवढंच म्हणाला.

ती दुकान बंद करून गावी पोचली, तेव्हा अंगणात सातआठ माणसं जमली होती. धनलालनेच बोलावली होती. कुंपणाजवळ कवडू उभा होता. नऊ वर्षांत तो पहिल्यांदाच त्या अंगणात आला होता. त्याला कोणी बस म्हणालं नाही.

धनलालने फोन सुरू केला. आता तो स्वच्छ बोलत होता. तारीख, गाव, मुलीचं नाव, वय.

“तक्रारदार,” फोन म्हणाला, “नाव दिलेले नाही.”

“नसन दिलं,” चंद्रकुमार म्हणाला. “आमाले काय मालूम नाही? तो काय उभा हाय तिथं.”

कवडूने मान खाली घातली आणि तो जायला वळला.

“थांब, कवडू,” धनलाल म्हणाला आणि काठी टेकत उभा राहिला. ओमेश्वरीने धावत येऊन त्याचा हात घट्ट धरला.

“बाबा, राहू द्या.”

त्याने तिची बोटं हळूच सोडवली. “मले वाटलं होतं, फोनच सांगन. माह्या तोंडानं नऊ वर्षं नाही झालं,” तो म्हणाला, आणि कवडूच्या पावलांचा आवाज थांबला होता तिकडे तोंड केलं. “त्या पट्टीखाली माहं नाव हाय, बा.”