बोलिव्हियातला मुक्काम

बोलिव्हियात पाठीवर सॅक टाकून फिरायला गेलेला ऋतुराज बेपत्ता झाला, तेव्हा त्याला शोधायला कुरुंदवाडहून त्याचे वडील हंबीरराव गेले. पोराचा फोटो दाखवत ते डोंगरातली गावं पालथी घालत राहिले. सात महिन्यांत मोडकीतोडकी भाषा यायला लागली. तिथल्या म्हाताऱ्या त्यांना घरात बोलावून उकडलेलं कणीस खायला द्यायच्या आणि विचारायच्या, "पोरगा सापडला का?"

एक दिवस बायकोचा फोन आला.

"अवो, शोध थांबवला म्हणून सरकारी कागद आलाय. पावणं म्हणत्यात, पोराचं दिवस घालूया. आता तरी या की घरी!"

हंबीररावांनी पोराचा फोटो खिशातून बाहेर काढला.



"हितं त्यो नुसता हरवलाय गं. घरी आलो, की मेला."