सातवी ब चा शोध

खोली तुम्ही खाल्लीत, साहेब. सातवी ब ची. एसी बसवलात, भिंतीएवढा डिजिटल फळा लावलात, रिबीन कापलीत, फोटो काढलेत आणि कुलूप घालून निघून गेलात. का, तर पोरं खराब करतील. तेव्हापासून पोरं वऱ्हांड्यात बसतात, चटईवर, मुतारीसमोर.

वर्सोव्याच्या त्या शाळेत अक्षता मॅडम सातवी ब ला इतिहास-भूगोल शिकवतात. नकाशा लावायला भिंत नाही, म्हणून त्यांनी जगाचा नकाशा मधोमध कापून मुतारीच्या दोन फळ्यांच्या दारावर चिकटवला. डाव्या फळीवर अमेरिका, उजव्या फळीवर आफ्रिका आणि आपण. अटलांटिक महासागर बरोबर कडीपाशी. पोरं आता 'लघवीला जाऊ?' असं विचारतच नाहीत. 'मॅडम, अटलांटिकला जाऊ?' म्हणतात. मॅडम सुरुवातीला चिडायच्या. आता म्हणतात, "जा, पण पाणी टाकून ये."

त्या दिवशी धडा होता दर्यावर्दींचा.

"नव्या किनाऱ्यावर उतरला की काय करायचा तो?" मॅडमनी विचारलं आणि स्वतःच सांगून टाकलं, "झेंडा रोवायचा. देवाची प्रार्थना करायचा. जागेला नवं नाव द्यायचा. झालं. जागा त्याच्या राजाची."

"आणि तिथे आधीपासून राहणारी माणसं?" पर्लने विचारलं. पर्ल वेसाव्याचीच, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, वर्गात सगळ्यात आगाऊ.

"होती ना. पण त्यांना विचारतंय कोण?"

तेवढ्यात मॅडमना गेटवर बोलावणं आलं. तुम्ही येणार होतात, साहेब, पाहुण्यांना घेऊन, खोली दाखवायला. शिपायाने कुलूप काढलं, एसी लावला, तुमच्या सत्काराची शाल आणि नारळ टेबलावर ठेवला आणि हार आणायला खाली पळाला. दार उघडंच राहिलं. गार वारा वऱ्हांड्यात पोरांच्या पायाशी आला.

वारा सुटल्यावर कुठला दर्यावर्दी घरी बसतो?

पर्ल उठली. मागोमाग अख्खी सातवी ब.

"चपला बाहेर काढा रे, लादी बघा कसली झकास आहे!"

"आधी झेंडा, पर्ल. मॅडम काय बोलल्या?"

झेंडा नव्हता. शाल होती. ती झाडूच्या दांड्याला बांधून खुर्चीत रोवली. नाव पर्लने ठरवलं, 'नवं वेसावे', आणि डिजिटल फळ्यावर खडूने लिहिलं. उमटलं नाही म्हणून आणखी दाबून लिहिलं.

प्रार्थनेपाशी हर्षद आडवा आला. त्याच्या बापाची होडी आहे. "हात जोडून काय होतंय? नारळ फोडल्याशिवाय आमचे पप्पा होडी पाण्यात घालत नाहीत."

"आमच्याकडे फादर पाणी शिंपडतात," पर्ल म्हणाली. "पण नारळ फोडतोच आम्ही पण. फोड."

हर्षदने उंबऱ्यावर तुमचा नारळ फोडला. पाणी उडालं ते थेट दारात आलेल्या सीताराम सरांच्या पँटवर. ते मुख्याध्यापक. त्यांच्यामागे तुम्ही, तुमच्यामागे चार पाहुणे, शेवटी हार हातात घेऊन अक्षता मॅडम.

"अरे गाढवा, तो साहेबांचा नारळ!" सीताराम सर ओरडले.

"देतो ना सर." हर्षदने खोबऱ्याचा तुकडा काढून आधी तुमच्या हातावर ठेवला. तुम्ही तो धरून उभे राहिलात. टाकताही येईना, खाताही येईना.

"काय चाललंय हे?" तुम्ही विचारलंत.

"शोध लावलाय सर," पर्ल म्हणाली. "ही खोली आता आमची."

एक पाहुणा हसला. ते तुम्हाला जास्त लागलं.

"शोध? कुणी नाही बघून आत घुसायचं, याला शोध म्हणतात?"

"माणसं होती तिथेही दर्यावर्दी घुसलेत, सर. त्यांचं तर पुस्तकात चित्र आहे."

तुम्ही पोरांकडून नजर काढलीत आणि अक्षता मॅडमवर लावलीत. मॅडम कंत्राटावर आहेत, हे तुम्हाला माहीत होतं.

"हे तुम्ही शिकवलंत?"

"पुस्तकात आहे, साहेब."

"पुस्तकात आहे म्हणून काय लगेच करायचं असतं?"

मॅडमनी हातातला हार जवळच्या बेंचवर ठेवला. नवा कोरा बेंच, वरचं प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. मग त्या फळ्याजवळ गेल्या आणि पोरांना म्हणाल्या, "बसा. बेंचवर बसा सगळे. धडा अर्धा राहिलाय."

पोरं बसली. प्लॅस्टिक करकरलं.

"मॅडम, तुमची नोकरी जाईल," सीताराम सर हळूच म्हणाले.

"मग लवकर शिकवते."

"उठा!" तुम्ही ओरडलात. "आत्ताच्या आत्ता खोली रिकामी करा!"

कुणी उठलं नाही. फक्त पर्ल उठली, तीही उत्तर द्यायला उठतात तशी, हात वर करून.

"करतो सर. आम्ही त्या लोकांसारखे नाही. इथे आधी जे राहत होते त्यांना बोलवा, त्यांनी सांगितलं की लगेच निघतो."

तुम्ही सीताराम सरांकडे पाहिलंत. सीताराम सरांनी एसीकडे पाहिलं.

"बोलवा ना सर," पर्ल म्हणाली. "कोण राहत होतं इथे?"