घडीवरचा काप

"कोर जळाले नको, दादा. सरळ कापजो."

एवढंच बोलून दोधू अंगणात उभा राहिला. म्हसावदच्या त्या घरात सकाळपासून वाटणी चालली होती. कारखाना निघणार अशी बोलवा होती, म्हणून दोधूला ऊस लावायचा होता. थोरल्या हिलालला केळीच हवी होती. एवढ्याशा गोष्टीवरून दोघे अडून बसले, आणि आता चुली वेगळ्या होणार होत्या. बैल वाटले, भांडी वाटली. राहिला तो सुरतेहून आणलेला प्लास्टिकचा कागद. गावात तसला दुसरा नव्हता. वाळत घातलेल्या मिरच्या दोघांच्या, तेव्हा त्यांच्यावर घालायला कागदही दोघांना हवा होता.

हिलालने चुलीत विळा तापवला. आधी एका कोपऱ्यावर हात चालवून पाहिला. पातं झरकन फिरलं आणि पट्टी अलगद सुटली. दोधूने तिच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठे गाठ नाही, सुरकुती नाही. हात असावा तर दादासारखा, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण वेगळं निघणाऱ्याने आता कौतुक तरी कोणत्या तोंडाने करायचं? त्याने पट्टी खाली ठेवली.

मग हिलालने कागदाची मधोमध घडी घातली. दोन्ही अर्धे सारखे यायला हवेत, म्हणाला. वहिनीने, नर्मदाबाईने, खाली पाट सरकवला. या खेपेला विळा घडीवरून अगदी सावकाश चालला. घडीची कोर दोरीसारखी सुटून खाली पडली. करपल्याचा वास अंगणभर झाला.

दोधूने आपला अर्धा उचलला. त्याच्याबरोबर दादाचाही उचलला गेला. त्याने ओढून पाहिलं, झटकून पाहिलं. काप गेला होता तिथेच दोन्ही पदर वितळून एकमेकांना धरून बसले होते. कागद उलगडला तो अख्खाच, मधे एक जाड शिवण घेऊन.

एवढ्या कसबी माणसाला घडीवर कापायचं कसं सुचलं, असं दोधूची बायको धनुबाई पुटपुटली.

दोधू मात्र भावाच्या तोंडाकडे बघत राहिला. "घडीवर कापलं तं दोन्ही पदर चिकटतीन, हाई तुले माहीत नव्हतं का?"

हिलालने तापलेला विळा पाण्याच्या बादलीत बुडवला. चरचर थांबली.

"माहीत व्हतं."