साठ हजारांचा कागद

"साठ हजार! पैसे काय झाडाला लागलेत?" आत्यानं फॉर्म टेबलावर आपटला.

चिंगी दचकली. डायलिसिसच्या खोलीत चार मशीन घरघरत होती, चार पेशंट डोळे मिटून पडले होते. त्यांच्यासमोर तरी बाई हळू बोलेल म्हणून तिनं मुद्दाम डबा द्यायची वेळ साधली होती. कसलं काय!

"साठ नाही गं, तीस. निम्मी फी हॉस्पिटल भरणार आहे. प्रत्येक विभागातून एकाची, मग तो स्टाफ असो नाहीतर स्टाफच्या घरचा. विभागाला फॉर्मही एकच आहे. कारकुनाच्या मागे लागून लागून आणलाय मी. तू फक्त शिफारस लिही."

"मला न विचारता परस्पर आणलास? शिंगं फुटलीत तुला!"

फॉर्म चिंगीनं आधी पेन्सिलनं भरला होता. चुकलं तर खोडता येईल, दुसरा काही मिळणार नव्हता. डायलिसिस टेक्निशियनचं सर्टिफिकेट हातात आलं की कापडाच्या दुकानातली हमाली सुटेल, मालकाची बोलणी सुटतील. बाविसाव्या वर्षी तिला बाहेर पडायला एवढं एकच दार दिसत होतं.

आत्या या खोलीत एकोणीस वर्षं होती. आली होती फरशी पुसायला. मशीन पुसता पुसता ती चालवायला शिकली. आता सुई ताईंनीच लावावी म्हणून पेशंट अडून बसत. आईबापांमागे चिंगीला तिनंच वाढवलं होतं, उठता बसता टोमणे मारत का होईना.

"बस इथे. हिशेब ऐक," आत्या म्हणाली. "फी तीस. परीक्षेचे साडेचार. अ‍ॅप्रन, बूट, पुस्तकं मिळून सहा. अकरा महिने शिकायचं, वर तीन महिने शिकाऊ म्हणून फुकट राबायचं. स्टाफला पगार चालू असतो, तुला कोण देणार? दुकानातले महिन्याचे नऊ हजार बुडाले. आणि एवढं करून हातात काय? दुकानापेक्षा अडीच हजार जास्त! घातलेला पैसा निघायलाच साडेपाच वर्षं जातील."

एवढे आकडे हिला तोंडपाठ कसे, असं चिंगीच्या मनात आलं. पण डोकं तापलं होतं, त्यात ते राहून गेलं.

"तुला बरं कागदाशिवाय जमलं सगळं!"

"माझं नाव काढू नकोस!" आत्या कडाडली.

तेवढ्यात मेट्रन दारातून डोकावल्या. "ताई, तुमची कागदपत्रं ऑफिसात यायचीत. महिनाअखेरपर्यंतच हं."

"देते हो, देते," आत्यानं त्यांनाही झटकलं. चष्म्यासाठी तिनं पर्स उघडली, तर तिचेच दोन नवे फोटो खाली पडले. चिंगी उचलायला वाकली.

"राहू दे! बँकेला हवेत. प्रत्येक ठिकाणी नाक खुपसायची गरज नाही." आत्यानं फोटो पर्समध्ये कोंबले. "आणि हात बघ तुझे. नुसता डबा ठेवताना थरथरतात. या हातांनी नसेत सुई घालणार? माणूस मारशील एखादा!"

ते वर्मी लागलं. चिंगीनं हात पाठीमागे लपवले.

"अहो ताई, शिकेल की पोरगी," पहिल्या खाटेवरचे आजोबा पुटपुटले.

"तुम्ही गप पडा. हात हलवलात तर पुन्हा टोचावं लागेल." आजोबांनी डोळे मिटून घेतले.

चिंगीला रडू फुटलं. चार परक्या माणसांसमोर हिनं अब्रू काढली होती. "नको मला तुझं सर्टिफिकेट! राहिलं!"

"आता कशी शहाण्यासारखी बोललीस. ठेव तो कागद इथेच, मी देते परत." आत्यानं फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला आणि किल्ली फिरवली.

दोन दिवस चिंगी तिच्याशी बोलली नाही. आत्या मात्र एकदम मऊ झाली. सकाळी चहा करून हातात देऊ लागली. रविवारी तर दुकानात उभं राहून पाय दुखतात म्हणून तिनं चिंगीला नवे बूट आणले. चिंगीनं तो हिशेब पुन्हा स्वतः मांडला, आकडा तोच आला. बाईचं तोंड फाटकं आहे, पण आपल्याला खड्ड्यात पडू दिलं नाही, असं तिला मनापासून वाटलं. आपण वेड्यासारखं बोललो, याची तिला लाज वाटली. सोमवारी डबा भरताना तिनं ठरवलं, आज आत्याची माफी मागायची.

हॉस्पिटलात शिरताच कारकुनानं खिडकीतून हाक मारली. "ए पोरी, डायलिसिसला चाललीस ना? हा फॉर्म घेऊन जा. निवड झालीय, पण मागच्या पानावर एक सही राहिलीय. तेवढी करून आण."

कोणाची निवड, हे विचारायच्या आत त्यानं खिडकी लावून घेतली होती. चिंगीनं डबा काखेत धरला आणि जिन्यातच फॉर्म उलगडला.

कोपऱ्यात आत्याचा फोटो चिकटवलेला होता. खाली निळ्या शाईत आत्याचं नाव होतं, आणि त्या शाईखाली, घाईत अर्धवट खोडलेलं, पेन्सिलीतलं चिंगीचं.