चौदाव्या झाडाचा पट्टा

पर्यटक-सुरक्षा विभागाच्या पत्रकात म्हटले होते की, चौदा क्रमांकाच्या मॅन्चिनील या विषारी झाडाच्या खोडावर धोक्याचा तांबडा पट्टा ठळकपणे रंगवलेला आहे. विधान खरे होते. पत्रक सोमवारी निघाले आणि सोमवारी पट्टा होता. पाहुण्यांची मुलगी त्या झाडाखाली शनिवारी भाजली होती.

पत्रकात आणखी एक मुद्दा होता. विमानतळावर भरून द्यायच्या प्रवेश-अर्जाच्या मागे, नवव्या कलमात, ‘तांबडा पट्टा असलेल्या झाडाखाली थांबू नये’ अशी सूचना असून तिच्याखाली मुलीच्या वडिलांची सही आहे. सबब दोष पाहुण्याचा. तर्क निर्दोष होता. बहुधा म्हणूनच दंडाधिकारी थिओडोरा प्रॉस्पेर यांनी बुधवारची सुनावणी कचेरीत न घेता समुद्रकाठी, त्या झाडापुढेच घेतली.

ऊन कडक होते. किनाऱ्याच्या त्या भागात सावली फक्त त्या झाडाची होती आणि तिच्यात कोणीही उभे नव्हते. त्याच्या पानांवरून ओघळणारे पावसाचे पाणीसुद्धा कातडी जाळते, हे बेटावरच्या मुलांना चालता येण्याआधी कळते. पट्टे पाहुण्यांसाठी असतात.

“नवव्या कलमावर सही तुमचीच ना?” विभागाचे संचालक कॉर्नेलियस देबोन यांनी विचारले.

“माझीच,” मुलीचा बाप हाल्वोर्सन म्हणाला. “वाचून केलेली. दुपारी ह्याच झाडापुढं कुणाच्या तरी लग्नाचे फोटो चालले होते. ती मंडळी गेली आणि पाऊस आला. मी मुलीला उचललं आणि पट्टा नसलेलं झाड शोधत पळालो. सगळ्यांवर पट्टे होते. ह्या एकावर नव्हता. म्हणून तर इथं थांबलो.”

सिग्ने सात वर्षांची होती. तिच्या डोळ्यांवरची पट्टी शुक्रवारी निघायची होती. पुढे तिला दिसेल की नाही, याबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते.

प्रॉस्पेरबाई सावलीच्या कडेपर्यंत गेल्या आणि थांबल्या. शेजारच्या झाडांवरचे पट्टे खाऱ्या वाऱ्याने विटून भेगाळले होते. या झाडावरचा चकचकीत होता, आणि त्याच्याखालची साल बोटभर आत गेली होती. त्या परत फिरल्या.

“देबोनसाहेब, शनिवारी पट्टा होता?”

देबोन यांनी रुमालाने मान पुसली. “आता हे गृहस्थ नव्हता म्हणतात, तर नसेलही. रंगवायचं काम एव्हारिस्तकडे आहे. चार वर्षं झाडांना पट्टे मारायचा पगार घेतो आणि नेमकं एक झाड विसरतो. आजच कमी करतो त्याला. त्याच्यावर खटला भरायचा तर खुशाल भरा, विभागाची हरकत नाही.”

“सोमवारी म्हणे होता, आज म्हणे नसेलही,” शहाळी विकणारी क्लोतिल्द मागून म्हणाली. “पट्ट्याला पाय फुटले की काय, बाई.”

“क्लोतिल्दमावशी, गप्प बसा,” कारकून म्हणाला. त्याने ते वाक्य लिहिले नाही.

एव्हारिस्त जोझेफ पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होता. हयगयीने इजा केल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होती, आणि त्याची मुलगी देबोन यांच्याच कचेरीत टंकलेखिका होती. दोन्ही गोष्टी तिथे सर्वांना माहीत होत्या. त्याच्या हातांना मैद्याच्या पोत्याची फडकी गुंडाळलेली होती.

“विसरलास का रे?” प्रॉस्पेरबाईंनी विचारले.

त्याने हात पाठीमागे नेले.

“हातांना काय झालंय?”

“मासे तळताना तेल उडालं, मॅडम.”

“दोन्ही हातांवर?”

“हो, मॅडम.”

“सोड ती फडकी.”

त्याने देबोन यांच्याकडे एकदा पाहिले आणि फडकी सोडली.

“तळव्यांवर?” बाई म्हणाल्या. “कढई फुटली म्हणून मासे हातावरच तळलेस वाटतं.”

मागे कोणीतरी हसले. मग पुढच्यांनी ते पांढरे, टचटचीत फोड नीट पाहिले आणि हसू थांबले. तसे फोड तेलाने येत नाहीत. ते कशाने येतात हे त्या गर्दीत फक्त हाल्वोर्सनला सांगावे लागले असते, आणि त्यालाही आता लागले नसते.

प्रॉस्पेरबाईंनी फडकी वाळूवरून स्वतः उचलली, एव्हारिस्तला परत दिली आणि आवाज अगदी मऊ केला.

“सिग्नेचं नंतर बघू. आधी हे हात. ही इजा कामावरची दिसते, साहेब, आणि तुमच्या खात्यात तिची नोंद नाही. साधन न देता, एका शब्दाची ताकीद न देता माणसाला ह्या झाडाशी पाठवलंत, असं लिहून घेऊ?”

देबोन यांच्या कोटावर सुरक्षेबद्दल मिळालेली दोन पदके होती. आरोप त्यांना तिथेच लागला. एव्हारिस्तने मान वर केली. “साहेब, राहू द्या,” तो हळूच म्हणाला. पण अठरा वर्षे पत्रके काढलेला माणूस पोत्याची फडकी गुंडाळलेल्या माणसाचे ऐकत नाही. देबोन कारकुनाच्या टेबलाशी आले आणि लिहिणे सोपे जावे म्हणून सावकाश बोलले.

कारकुनाचा टाक थांबला. त्याने बाईंकडे पाहिले.

“वाचून दाखव,” बाई म्हणाल्या. “एक शब्दही बदलू नकोस.”

कारकून उभा राहिला.

“‘ताकीद दिली नाही हे साफ खोटं आहे. शनिवारी सकाळी मी स्वतः त्याला दोनदा बजावलं होतं, की हातमोजे घातल्याशिवाय पट्टा खरवडायला घेऊ नकोस, त्या झाडाचा चीक माणसाची कातडी सोलून काढतो.’”