बंद पडलेली बोट

मलकापुरात माझं आणि शंभूराजचं खताचं दुकान समोरासमोर. यंदा कंपनीचं विक्रीचं टार्गेट त्यानं पुरं केलं, माझं थोडक्यात हुकलं. बक्षीस म्हणून तो जोडीनं थायलंडला गेला आणि मी गल्ल्यावर बसून त्याचे स्टेटस बघत राहिलो. प्रत्येक फोटो मोठा करून बघायचा आणि मग जेवणाचा डबा तसाच घरी न्यायचा.

आज डीलर लोकांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. त्यांची बोट भर समुद्रात बंद पडली होती. दुसरी बोट येईपर्यंत सगळे उन्हात तळत होते. शंभूराज कठड्याला धरून ओकत होता आणि त्याची बायको सोनिया त्याच्या पाठीवर हात फिरवत रडत होती.

मी भरदुपारी दुकान बंद केलं आणि कंदी पेढे घेऊन घर गाठलं. बायकोपुढं फोन धरला.

"शिवांजली, बघ गं! लय मिरवत हुता. बरं झालं आपून गेलो न्हाई."

तिनं व्हिडिओ बघितला. परत लावला. मग मधेच थांबवून सोनियाला मोठं करून बघितलं. मी ती हसायची वाट बघत होतो.

"पंजाबी ड्रेस घातलाय तिनं," ती म्हणाली.

बोटीत साडी उडेल म्हणून शिवांजलीनंही एक शिवून घेतला होता, टार्गेट हुकायच्या आधी.

"अगं, पर बोट बंद पडली न्हवं त्यांची!"

तिनं फोन माझ्या हातात दिला. पेढ्यांकडं बघितलंसुद्धा नाही.

"आवं, बंद पडायला तरी आदी बोटीत बसाय लागतंय."